मुलांच्या मनाचा वैद्य कोण?

अंगात ताप भरला की डॉक्टरकडे जावे, हे सर्वांना ठाऊक आहे. पण मूल एकाएकी अबोल झाले, रात्री दचकून उठू लागले, तर कोणाकडे जायचे? आणि तो माणूस खरा जाणकार की नुसता पाटी लावून बसलेला, हे ओळखायचे कसे?

या प्रश्नावर व्हिएन्ना शहरात शंभर वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. थिओडोर राइक हे मनोविश्लेषणाने उपचार करीत. त्यांच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती, म्हणून भोंदू वैद्यकीविरुद्धच्या कायद्याखाली त्यांच्यावर फिर्याद झाली. तेव्हा सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२६ साली याच प्रश्नावर पुस्तक लिहिले. फ्रॉइड स्वतः डॉक्टर; तरी त्यांनी बाजू घेतली राइक यांची! आवश्यक ज्ञान नसताना जो उपचार करतो तो भोंदू, मग त्याच्याजवळ पदवी असो वा नसो, असे त्यांचे म्हणणे. पुढे राइक यांच्यावरील खटला मागे पडला.

मोठा माणूस फिर्याद तरी करू शकतो. लहान मुलाचे काय? आपल्यावर चुकीचा उपचार होतो आहे हे त्याला सांगताही येत नाही. म्हणून मुलांच्या बाबतीत पारख अधिक कडक हवी.

गंमत अशी, की बालमनाच्या उपचारांचा पाया घालणाऱ्या दोघी स्त्रिया डॉक्टर नव्हत्या. फ्रॉइड यांच्या कन्या ॲना या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. मेलानी क्लाइन यांच्याजवळ तर कसलीच पदवी नव्हती. दोघींचे आपसात पटले नाही; दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये त्यांच्या अनुयायांत कडाक्याचा वाद झाला. पण शिकाऊ माणसाला तयार कसे करावे, याची सोय दोन्हीकडे झाली.

१९४१ साली ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात युद्धामुळे घराला दुरावलेल्या मुलांसाठी शिशुगृहे काढली. तिथल्या मदतनीस मुलींना एक शिस्त होती: मूल काय बोलले, कसे खेळले, आई निघून गेल्यावर काय केले, ते पाहायचे आणि टिपून ठेवायचे. त्यातूनच १९४७ साली रीतसर अभ्यासक्रम उभा राहिला. पुढच्याच वर्षी टॅव्हिस्टॉक संस्थेत क्लाइन यांच्या परंपरेतल्या एस्थर बिक यांनी निराळी रीत घातली. शिकणाऱ्याने एका तान्ह्या मुलाच्या घरी आठवड्यातून एक तास, सुमारे दोन वर्षे जायचे. सल्ला द्यायचा नाही, फक्त पाहायचे. मग घरी येऊन लिहायचे आणि गुरू व सोबत्यांपुढे वाचून दाखवायचे. आधी डोळा तयार व्हावा, उपचार नंतर!

आपल्याकडेही मुंबईत टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने १९३७ साली बाल-मार्गदर्शन केंद्र काढले. १९९२ साली भारतीय पुनर्वसन परिषदेचा कायदा झाला आणि चिकित्सक मानसशास्त्रज्ञांची नोंदणी सुरू झाली.

मग ती नोंद पुरे का? नाही. नोंद पाहावीच, कारण तिच्याशिवाय भोंदूंना मोकळे रान मिळते. पण शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आणखी दोन प्रश्न विचारायला संकोचू नका. तुम्ही कोणाच्या देखरेखीखाली शिकलात? आणि अडलात, तर आजही कोणाला विचारता? खरा जाणकार या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याच्या हाती पोर देण्यापूर्वी दहादा विचार करा.