धोरणाआधीचं धोरण : नाशिक रोडची प्रेस आणि भारताचं डिझाइन

नाशिक रोडला ‘प्रेस’ म्हटलं की कुणाला वर्तमानपत्राचं ऑफिस आठवत नाही. प्रेस म्हणजे नोटांची आणि पोस्टाच्या तिकिटांची. डिझाइन धोरणाचा इतिहास समजून घ्यायला ही प्रेस चांगली जागा आहे, असं मला वाटतं. का ते सांगतो.

या विषयावरचे बहुतेक संशोधन-प्रस्ताव एकाच वाक्याने सुरू होतात : केंद्रीय मंत्रिमंडळाने ८ फेब्रुवारी २००७ रोजी राष्ट्रीय डिझाइन धोरण मंजूर केलं. वाक्य बरोबर आहे. पण मग आपण कागदाची तारीख हीच धोरणाची जन्मतारीख धरून बसतो. त्याआधी सरकार डिझाइनबाबत काहीच करत नव्हतं का?

जरा मागे जाऊ. भारताची तिकिटं पूर्वी लंडनची डी ला रू कंपनी छापायची, नोटाही इंग्लंडमधून यायच्या. १९२५ मध्ये नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाली, आणि १९२८ मध्ये इथेच नोटांची छपाई. १९३१ मध्ये नव्या दिल्लीच्या उद्घाटनाची सचित्र तिकिटं इथून निघाली. हेतू अर्थातच वसाहती सरकारचा होता. कारागिरांना वाव मिळावा म्हणून कुणी प्रेस काढली नव्हती. पण छपाई इथे आली आणि तिच्याबरोबर कौशल्यही आलं.

स्वातंत्र्यानंतर २१ नोव्हेंबर १९४७ रोजी तिरंग्याचं, ‘जय हिंद’ लिहिलेलं साडेतीन आण्यांचं तिकीट आलं. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्टला, गांधीजींची तिकिटं निघाली, आणि ती छापली गेली स्वित्झर्लंडमध्ये, कूर्व्हाझिए या कंपनीत! स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या माणसाचं तिकीट परदेशी छापखान्यात. ज्या फोटोग्रेव्हर पद्धतीने ती छापायची होती, तिची सोय तेव्हा नाशिकला नव्हती. १९५२ मध्ये ती झाली, आणि कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर यांची मालिका इथेच छापून निघाली.

या चार वर्षांत ‘डिझाइन धोरण’ नावाचा एकही कागद निघाला नव्हता. पण यंत्र आणायचा निर्णय झाला. माझ्या मते तेही डिझाइन धोरणच. चित्रकार कितीही चांगला असला तरी त्याचं चित्र नीट उतरवणारी यंत्रणा नसेल तर ते कागदावरच राहतं.

दुसरा धागा शिक्षणाचा. सरकारने चार्ल्स आणि रे ईम्स यांना बोलावलं, १९५८ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झालं, त्यामागे सुधाकर नाडकर्णी होते. तिसरा धागा कायद्याचा : १९११ चा पेटंट आणि डिझाइन कायदा, पुढे २००० चा स्वतंत्र डिझाइन कायदा. म्हणजे २००७ च्या कागदाने अशा विखुरलेल्या धाग्यांना एक नाव दिलं, आणि नव्या संस्था व इंडिया डिझाइन कौन्सिल यांची तरतूद केली.

हे धागे एकत्र आले की काय होतं? रुपयाचं चिन्ह बघा. सरकारने खुली स्पर्धा घेतली, आयआयटीच्या त्याच केंद्रात शिकलेल्या उदय कुमार यांचं चिन्ह १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं गेलं, आणि मग ते नोटांवर आलं. मागणी सरकारची, शिक्षण सरकारी संस्थेचं, छपाई सरकारी प्रेसची.

इथे एक सावधगिरी. नाशिकचं उदाहरण अपवादात्मक आहे. नोटेचं डिझाइन फसलं तर खोट्या नोटांमुळे थेट सरकारचंच नुकसान होतं, म्हणून तिथे सरकार जागरूक. एसटीच्या स्टँडवरचं बाकडं किंवा तहसीलमधला अर्ज फसला तर त्रास होतो नागरिकाला, आणि तो कुठल्याच हिशेबात दिसत नाही. शिवाय खरेदी सर्वांत कमी दराच्या निविदेवर ठरली की चांगल्या रचनेची किंमत आधीच शून्य धरली जाते. डिझाइनला राष्ट्रीय पाठबळ द्यायचं तर संस्था काढणं आणि पुरस्कार देणं पुरेसं नाही. सरकार स्वतः सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे, तेव्हा त्याने गिऱ्हाईक म्हणूनही चोखंदळ व्हायला हवं.

प्रस्ताव लिहिताना म्हणून एवढं करा. धोरणाचा मसुदा वाचाच, पण त्याच काळात सरकारने कोणती यंत्रं घेतली, कुणाला शिकवलं, कशाला कायद्याचं संरक्षण दिलं आणि काय विकत घेतलं, तेही शोधा. या चार प्रश्नांची उत्तरं मसुद्याशी जुळली नाहीत, तर घाबरू नका. तुमचा संशोधनाचा प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.