पाच ग्रॅमला पाच वर्षे

मंडळी, मुलांच्या शाळेत हा विषय हमखास निघतो, म्हणून ही थोडी माहिती.

कोकेनची पूड खाण्याचा सोडा व पाणी घालून तापवली की क्रॅक तयार होते. द्रव्य तेच! तरीही अमेरिकेच्या १९८६ च्या केंद्रीय कायद्याने ५ ग्रॅम क्रॅक विक्रीसाठी बाळगल्यास किमान ५ वर्षे कैद ठरवली. पुडीसाठी तेवढ्याच शिक्षेला ५०० ग्रॅम लागत. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता. पण क्रॅकच्या खटल्यांत शिक्षा झालेले बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि न्यायाधीशांचे हात बांधलेले.

२०१० मध्ये १००:१ चे १८:१ झाले. (आम्ही इंजिनिअर मंडळींनी सूत्र शोधू नये, ती काँग्रेसमधली तडजोड होती.) आधी शिक्षा झालेल्यांना मात्र या कायद्याचा लाभ मागायला २०१८ उजाडावे लागले.