लेखक लिहितो कसा? : ‘पॅरिस रिव्ह्यू’च्या मुलाखती

लेखकाची मते वृत्तपत्रांतून वारंवार वाचायला मिळतात. तो लिहितो कसा, हे मात्र क्वचितच कळते. हा प्रश्न दशकानुदशके सातत्याने विचारणारे नियतकालिक म्हणून ‘द पॅरिस रिव्ह्यू’ या इंग्रजी त्रैमासिकाचा उल्लेख करावा लागतो.

पीटर मॅथिसन, हॅरॉल्ड ह्यूम्स आणि जॉर्ज प्लिंप्टन या तरुण अमेरिकनांनी १९५३ मध्ये पॅरिसमधून हे त्रैमासिक सुरू केले. नामवंतांच्या कथेसाठी मोठे मानधन देण्याची त्यांची ऐपत नव्हती. मुलाखतीमुळे मात्र मोठे नाव अंकात येऊ शकत होते. पहिल्याच अंकात ई. एम. फॉर्स्टर यांची मुलाखत प्रसिद्ध झाली. प्लिंप्टन २००३ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे, संपादक होते.

या मुलाखतींची पद्धत वेगळी होती. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रण यंत्राऐवजी अनेकदा दोन मुलाखतकार जात, दोघेही भराभर टिपणे घेत आणि नंतर ती ताडून पाहत. तयार झालेला मजकूर लेखकाकडे दुरुस्तीसाठी जाई. सोबत त्याच्या हस्तलिखिताचे, खाडाखोडीसह, एक पान छापले जाई. व्लादिमीर नाबोकोव्ह यांनी तर १९६७ च्या मुलाखतीसाठी आपली उत्तरे लिहूनच दिली.

साहजिकच एक आक्षेप निर्माण होतो. लेखकानेच तपासलेली मुलाखत ही साक्ष मानायची, की त्याने रंगवलेले स्वतःचे चित्र? याचे उत्तर शोधण्यासाठी अर्नेस्ट हेमिंग्वे यांचे उदाहरण उद्बोधक आहे. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत ते उभ्याने लिहितात, रोजच्या शब्दसंख्येची नोंद ठेवतात, असे तपशील आले. ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (१९२९) या कादंबरीचे शेवटचे पान आपण ३९ वेळा लिहिले, असेही त्यांनी सांगितले. ही बढाई वाटणे शक्य होते. मात्र त्यांची हस्तलिखिते बॉस्टन येथील केनेडी ग्रंथालयात जतन झाली आणि २०१२ च्या आवृत्तीत या कादंबरीचे ४७ पर्यायी शेवट छापण्यात आले. आकडा जुळला नाही, पण पुनर्लेखनाच्या परिश्रमांविषयीचे त्यांचे म्हणणे खरे ठरले. अशा मुलाखती हस्तलिखितांच्या शेजारी ठेवून वाचाव्यात, हेच यातून सूचित होते.

यशाचे सूत्र शोधणाऱ्याच्या हाती मात्र परस्परविरोधी उत्तरे लागतात. तंत्राचीच आवड असेल तर लेखकाने शस्त्रक्रिया किंवा गवंडीकाम करावे, असा टोला विल्यम फॉकनर यांनी १९५६ मध्ये लगावला. याउलट वाक्यरचना उमगावी म्हणून किशोरवयात हेमिंग्वे यांच्या कथा टंकलिखित केल्याचे जोन डिडियन यांनी १९७८ मध्ये सांगितले. आजी अद्भुत गोष्टी ज्या निर्विकार चेहऱ्याने सांगत असे, त्या सुरातच आपल्याला कादंबरीची वाट सापडली, असे गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांनी १९८१ मध्ये नमूद केले. पहाटेच्या अंधारात उठून, कॉफी घेत, उजाडताना पाहण्याचा आपला शिरस्ता टोनी मॉरिसन यांनी १९९३ मध्ये उलगडला.

या मुलाखतींचा पहिला संग्रह ‘रायटर्स ॲट वर्क’ या नावाने १९५८ मध्ये निघाला. प्रतिभेचे गूढ त्यातून उकलत नाही. मात्र चांगले पान एका बैठकीत उतरते, हा वाचकांचा आणि नवोदित लेखकांचा गोड समज त्या खाडाखोडीच्या पानांपुढे टिकत नाही.