पिंपातला मासा: नुओक मामची कुळकथा

हनोईहून हो चि मिन्ह शहराकडे, म्हणजे जुन्या सायगावकडे, जाणारा लोहमार्ग १,७२६ किलोमीटर लांबीचा आहे. त्या वाटेवर ठिकठिकाणी उतरून जेवणाऱ्याला एकाच देशात तीन-चार देश भेटतात. हनोईत दुपारी ‘बुन चा’ची वेळ असते. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस कोमट, आंबटगोड पाण्यात बुडवून समोर येतं. त्यात कच्च्या पपईच्या चकत्या, शेजारी तांदळाच्या शेवया आणि ताज्या पाल्याचा ढीग. ह्युए या जुन्या राजधानीत ‘बुन बो ह्युए’चा तिखट रस्सा मिळतो, गवती चहाचा वास आणि त्याच्या बुडाशी मुरवलेल्या जवळ्याचा उग्रपणा. आणखी दक्षिणेला, क्वांग नामच्या ‘मी क्वांग’मध्ये शेवया रुंद, बहुधा हळदीने पिवळ्या केलेल्या, आणि रस्सा इतका थोडा की वाडग्याच्या तळाला जेमतेम लागावा. सायगावात ‘कोम ताम’ म्हणजे चक्क कणीचा भात. गिरणीत मोडलेला, एके काळी गरिबांच्या वाट्याला येणारा हा तांदूळ आता शहराचा लाडका नाश्ता झाला आहे.

या सगळ्या ताटांमागे एकच बाटली उभी असते, नुओक मामची. मासा आणि मीठ मुरवून काढलेलं हे पाणी. हनोईत ते पाणी, व्हिनेगर आणि साखर घालून पातळ करतात, सायगावात कणीच्या भातावर ओतायला साखरेबरोबर दाटसर आणि गोड करतात, तर मध्य व्हिएतनाममध्ये अनेक घरांत ते जवळजवळ निखळच, ठेचलेल्या मिरचीसह वाढलं जातं. व्हिएतनामी जेवणाचा प्रादेशिक नकाशा काढायचा असेल, तर शेवयांच्या जाडीपेक्षा या पाण्यावरून काढणं अधिक खरं ठरेल. कारण ते फक्त वेगवेगळ्या तऱ्हेने वाढलं जात नाही, ते प्रत्येक किनाऱ्यावर वेगळ्या तऱ्हेने जन्माला येतं.

सगळ्यात प्रसिद्ध जन्मस्थान दक्षिणेकडच्या फू क्वोक बेटावर आहे. तिथे लागतो ‘का कोम’, आपल्या मांदेलीच्या कुळातला, बोटाएवढा मासा. जाळं वर आलं की मासे धुऊन तिथेच नावेवर मिठात मिसळतात. साधारण तीन भाग मासा, एक भाग मीठ. पोट साफ करायचं नाही, हा नियम आळसातून आलेला नाही. माशाच्या आतड्यातली पाचकद्रव्यंच पुढचं सगळं काम करणार असतात. मीठ मुख्य भूमीवरच्या बा रिया भागातून येतं आणि तेही लगेच वापरत नाहीत. काही आठवडे साठवून त्यातला कडवटपणा, म्हणजे मॅग्नेशियमचे क्षार, पाझरून जाऊ देतात.

मग हे मिश्रण लाकडी पिंपांत जातं. पिंप म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा मोठं भांडं, दहा-बारा टन मासा सहज मावेल एवढं. फळ्या ‘बोय लोय’ नावाच्या झाडाच्या, आणि त्यांना आवळून धरायला वेताचे जाडजूड पिळलेले दोर. वरून बांबूची ताटी आणि तिच्यावर वजन. काही दिवसांत तळाच्या तोटीतून गढूळ, तांबूस पाणी येऊ लागतं, ते पुन्हा वरून ओततात. असं करत करत सुमारे वर्षभर थांबायचं. या काळात माशातली प्रथिनं विरघळून त्यांची अमिनो आम्लं होतात. त्यातलं ग्लुटामेट जिभेला ती भरीव, मांसल चव देतं. मासा कुजवणाऱ्या जिवाणूंना एवढ्या मिठात जगता येत नाही, म्हणून तो कुजत नाही, मुरतो.

पहिल्या धारेचं पाणी सर्वांत मोलाचं. त्याचा रंग सांगताना व्हिएतनामी माणूस झुरळाच्या पंखाची उपमा देतो, आणि ती तिथे शंभर टक्के कौतुकाची असते: काचेपलीकडे धरलं तर लालसर तपकिरी, पारदर्शक, जरासं झळाळणारं. पहिली धार संपली की उरलेल्या चोथ्यावर मिठाचं पाणी ओतून दुसरी, तिसरी धार काढतात. प्रत्येक वेळी कस उतरत जातो. हा कस अंशांत मोजतात. एका लिटरमध्ये जितके ग्रॅम नत्र, तितके अंश. बाटलीवर ४० हा आकडा असेल तर ते उत्तम पाणी समजावं.

हे तंत्र आलं कुठून? व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर शतकानुशतकं चंपा राज्यं होती. संस्कृत शिलालेख कोरणारी, मी सनला शिवाची मंदिरं बांधणारी, समुद्रावर जगणारी. १४७१ मध्ये व्हिएतनामी सैन्याने चंपाची राजधानी विजया घेतली आणि त्यानंतर व्हिएत शेतकरी-कोळी पिढ्यानपिढ्या दक्षिणेकडे सरकत गेले. मिठागरं, माशांची वर्दळ आणि कडक ऊन हे तिन्ही चंपाच्या, म्हणजे चाम लोकांच्या, याच मुलखात एकत्र होते. आजही मिठासाठी प्रसिद्ध असलेल्या निन्ह थुआनमध्ये चाम वस्ती आहे. मासे मुरवण्याचं बरंचसं शहाणपण व्हिएत लोकांनी चामांकडून उचललं, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे आणि भूगोल त्यांच्या बाजूने बोलतो. रोमन लोकांच्या ‘गारूम’शी नातं जोडण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण त्याला आधार नाही. मासा, मीठ आणि ऊन जिथे मुबलक आहे तिथे ही युक्ती माणसाला स्वतंत्रपणे सुचू शकते.

लेखी साक्ष मात्र भक्कम आहे, आणि तिचा एक धागा गोव्यापर्यंत येतो. मिलानचा जेझुइट पाद्री ख्रिस्तोफोरो बोर्री १६१८ ते १६२२ या काळात मध्य व्हिएतनाममध्ये राहिला. परतीच्या वाटेवर तो गोव्यात थांबला आणि तिथे इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले याला भेटला. दोघांत ग्रहताऱ्यांवर चर्चा रंगली. १६३१ मध्ये बोर्रीचा वृत्तान्त रोममध्ये छापला गेला. त्यात त्याने खारवलेल्या माशांपासून केलेल्या, मोहरीसारख्या झणझणीत रसाची नोंद केली आहे. युरोपात घरोघर द्राक्षाची दारू भरून ठेवतात तसे इथले लोक या रसाचे रांजण आणि पिंपं भरून ठेवतात, असं तो सांगतो. त्याने त्या रसाला जे नाव दिलं ते मलय भाषेतल्या ‘बेलाचान’चं भावंड आहे, आणि गोव्याच्या कोळंबीच्या बाल्चांवचं नावही त्याच घरातलं. नाव बंदराबंदरांतून फिरलं, पदार्थ मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा घडला.

१६८८ मध्ये विल्यम डॅम्पियर हा इंग्रज दर्यावर्दी उत्तरेत, टोंकिनमध्ये आला. त्याने रस आणि लगदा यांतला फरक नेमका टिपला: बारीक मासे आणि कोळंबी मिठाच्या पाण्यात मुरवायची, वरचं पाणी गाळून घ्यायचं ते नुओक माम, खाली उरतो तो लगदा गरिबांनी भातासोबत खायचा. वास उग्र, पण चव वाईट नाही, हा त्याचा निवाडा. जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी पहिल्यांदा चाखणारे बहुतेक पाहुणे याच निवाड्यावर येतात.

म्हणजे सतराव्या शतकात हे पाणी उत्तरेतही होतं आणि मध्यभागीही. पण दोन्हीकडची पद्धत एक नव्हती, आजही नाही. हायफाँगजवळच्या कात हाय बेटावर हिवाळा थंड आणि रिमझिम असतो. तिथे मीठ एकदम न घालता थोडं थोडं घालतात, पाणीही घालतात, आणि मिश्रण रोज ढवळून उन्हाला दाखवतात. पाऊस आला की झाकणं घालायला धावायचं. फू क्वोकवर पावसाळा जोरदार, म्हणून तिथे सगळा कारभार छपराखाली, मोठ्या पिंपांत. फान थियेत हा त्याउलट देशातल्या सर्वांत कोरड्या पट्ट्यांपैकी एक. तिथे मातीचे रांजण उघड्या अंगणात रांगेने उन्हात मुरतात. डा नांगजवळच्या नाम ओ गावात गाळण्यासाठी शंकूसारखी बांबूची टोपली वापरतात आणि थेंब थेंब पाणी खाली येण्याची वाट बघतात. हेच नाम ओ पूर्वी फटाक्यांसाठीही नावाजलेलं होतं. १९९५ मध्ये देशात फटाक्यांवर बंदी आली आणि गावाकडे त्याचं मासळीचं पाणी तेवढं उरलं. २०१९ मध्ये या गावाच्या पद्धतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा मिळाला. मेकाँगच्या खोऱ्यात तर समुद्राचाही आग्रह नाही. पुराच्या पाण्याबरोबर कंबोडियाच्या तोन्ले साप सरोवराकडून उतरणारा ‘का लिन्ह’ हा गोड्या पाण्यातला बारीक मासा तिथे मुरवतात. लोणच्याची चव जशी गावागणिक पालटते, तसंच हे आहे. फरक इतकाच की इथे हात बदलण्याआधी हवा बदलते.

फान थियेतची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण तिथे हे पाणी राजकारणात शिरलं. या बंदरातून ‘तिन’ नावाच्या बुटक्या मातीच्या घड्यांत भरून, तोंडं चुन्याने लिंपून, शिडाच्या नावांनी माल किनाऱ्याकिनाऱ्याने जात असे. १९०५ मध्ये फान चाऊ त्रिन्ह आणि त्यांचे दोन सुधारक सोबती दक्षिणेचा दौरा करत इथे आले. शिक्षण, व्यापार आणि नवे विचार यांच्या बळावर देश उभा करावा, हा त्यांचा आग्रह. स्थानिक विद्वानांनी तो मनावर घेतला. १९०६ मध्ये लियेन थान्ह ही कंपनी निघाली, आणि तिने धंदा निवडला तो हाच, माशाच्या पाण्याचा. कन्फ्यूशियसचे ग्रंथ पाठ असलेली, व्यापाराला हलकं मानणाऱ्या परंपरेत वाढलेली माणसं उग्र वासाच्या पिंपांशेजारी हिशेबाच्या वह्या घेऊन बसली. त्या काळात हे धाडस लहान नव्हतं.

कंपनीच्या जोडीने १९०७ मध्ये दुक थान्ह शाळा सुरू झाली. १९१० मध्ये या शाळेत न्गुयेन तात थान्ह नावाचा विशीतला तरुण शिकवायला आला. काही महिन्यांतच तो सायगावला गेला, आणि ५ जून १९११ रोजी एका फ्रेंच जहाजावर स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून चढून देशाबाहेर पडला. पुढे जग त्याला हो चि मिन्ह म्हणून ओळखू लागलं. शाळा १९१२ मध्ये बंद पडली, कंपनी मात्र टिकली.

फ्रेंच राज्यकर्त्यांना वास आवडत नसला तरी महसुलाची आणि भेसळीची काळजी होती. सायगावच्या पाश्चर संस्थेतल्या संशोधकांनी या पाण्याचा रासायनिक अभ्यास केला आणि १९१६ मध्ये वसाहत सरकारने नुओक माम कशाला म्हणायचं याचे नियम काढले. आज बाटलीवर दिसणाऱ्या नत्राच्या अंशांची सवय या मोजमापातूनच रुजत गेली.

१९७५ नंतर लाखो व्हिएतनामी देशाबाहेर पडले. अमेरिकेचा व्यापारबंदी आदेश १९९४ पर्यंत कायम होता, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या व्हिएतनामी घरांत मायदेशाची बाटली पोचतच नव्हती. त्यांनी थायलंडमधल्या मालावर निभावलं, आणि त्यातल्या काही बाटल्यांवर फू क्वोकचं नाव खुशाल छापलेलं असे. बेटावरच्या उत्पादकांना आपलंच नाव परत मिळवायला बराच काळ झगडावं लागलं. २००१ मध्ये व्हिएतनामने त्या नावाला कायद्याचं संरक्षण दिलं आणि २०१२ मध्ये युरोपीय संघाने मूळस्थानदर्शक नाव म्हणून त्याची नोंद केली. आग्नेय आशियातल्या कुठल्याही पदार्थाला तिथे मिळालेला हा पहिला मान. अट अशी की मासा मुरवायचा बेटावर आणि बाटलीही बेटावरच भरायची.

तोवर खरी लढाई घरातच सुरू झाली होती. गेल्या काही दशकांत मोठ्या कारखान्यांनी पातळ, स्वस्त, गोडसर पाणी बाजारात आणलं. मुरवलेल्या रसात पाणी, मीठ, साखर, रंग, सुगंध आणि चववर्धक मिसळून ते तयार होतं, आणि शहरांतल्या बहुतेक स्वयंपाकघरांत आज तेच वापरात आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये एका ग्राहक संघटनेने जाहीर केलं की तपासलेल्या बहुतांश नमुन्यांत आर्सेनिक मर्यादेबाहेर आहे, आणि जितके नत्राचे अंश जास्त तितकं आर्सेनिक जास्त. ऐकायला भयंकर. पण समुद्री माशात नैसर्गिकरीत्या असणारं सेंद्रिय आर्सेनिक आणि विषारी असेंद्रिय आर्सेनिक यांतला भेद त्या घोषणेत झाकला गेला होता. मासा जास्त, तर पहिलं आर्सेनिकही जास्त. म्हणजे सगळ्यात सचोटीने केलेलं पाणीच गुन्हेगार ठरलं. सरकारी तपासणीत विषारी प्रकार मर्यादेबाहेर आढळला नाही, आणि चुकीची बातमी पसरवल्याबद्दल पन्नास प्रसारमाध्यमांना दंड झाला. तोपर्यंत छोट्या उत्पादकांच्या ऑर्डरी मात्र रद्द होऊन गेल्या होत्या. हा त्यांच्यावर उघड अन्याय होता.

२०१९ मध्ये उत्पादनाच्या नव्या मानकांचा मसुदा आला. त्यातल्या अटी कारखान्याच्या मापाने बेतलेल्या आहेत, पिंपघरांना त्या लागूच पडत नाहीत, म्हणून किनाऱ्यावरच्या संघटना एकवटून उभ्या राहिल्या आणि मार्चमध्ये सरकारने मसुदा थांबवला. त्याआधी, २०१८ च्या राष्ट्रीय मानकात एक मधला मार्ग काढला होता. फक्त मासा आणि मीठ यांपासून केलेल्या पाण्याला ‘नुओक माम न्गुयेन चात’ म्हणजे निखळ नुओक माम म्हणायचं. पाणी, साखर किंवा इतर घटक मिसळले असतील तर नुसतं नुओक माम. सायगावच्या दुकानात आज दोन्ही एकाच फळीवर शेजारी असतात. जाणकार गिऱ्हाईक बाटली उलटी करून मागचा मजकूर वाचतं: घटकांच्या ओळीत दोनच नावं आहेत का, नत्राचा आकडा तीसच्या वर आहे का, आणि पत्ता फू क्वोकचा, फान थियेतचा, नाम ओचा की कात हायचा.