यकृतविकारतज्ज्ञ

यकृत, पित्ताशय व पित्तनलिका यांच्या विकारांचे निदान आणि औषधोपचार करणारा डॉक्टर. शस्त्रक्रिया सर्जन करतो. पण यकृतप्रत्यारोपण कोणाला आणि केव्हा लागेल, हे ठरवण्यात यकृतविकारतज्ज्ञाचा वाटा मोठा असतो.

ही शाखा स्वतंत्रपणे उभी राहिली त्याचे बरेचसे श्रेय शीला शेरलॉक (१९१८–२००१) यांना जाते. सुईने यकृताचा बारीक तुकडा काढून तपासण्याची पद्धत, म्हणजे बायोप्सी, त्यांनी लंडनमध्ये अभ्यासाचे साधन म्हणून रुजवली. यकृतविकारांवरचा त्यांचा ग्रंथ १९५५ मध्ये आला. १९५९ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयात त्या मेडिसिनच्या प्राध्यापक झाल्या. ब्रिटनमध्ये हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

भारतात एमबीबीएस, तीन वर्षांचे एमडी, नीट-एसएससारखी प्रवेशपरीक्षा आणि तीन वर्षांचे डीएम असा मार्ग आहे. बारावीनंतर किमान साडेअकरा वर्षे जातात. केवळ यकृताचे डीएम दिल्लीची आयएलबीएस, चंडीगडची पीजीआय अशा मोजक्या संस्थांत होते; बहुतेक जण पोटविकारांचे डीएम करून इकडे वळतात.

खरी कसोटी सिरॉसिसमध्ये लागते. यकृत बराच काळ कुरकुर न करता झिजते, आणि रुग्ण येतो तो जलोदराने पोट फुगल्यावर किंवा रक्ताची उलटी झाल्यावर. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा एंडोस्कोपीतून रबरी कड्यांनी बांधाव्या लागतात, पोटातले पाणी काढावे लागते. ‘दिवसा झोपतात, रात्री असंबद्ध बोलतात’ हे घरच्यांचे वाक्य तज्ज्ञ फार गांभीर्याने ऐकतो, कारण यकृताच्या बिघाडाचा मेंदूवर झालेला परिणाम कित्येकदा असाच प्रथम कळतो. बिलिरुबिन, आयएनआर व क्रिएटिनिन यांवरून काढलेला ‘मेल्ड’ गुणांक धोका किती जवळ आहे ते सांगतो. हिपॅटायटिस सी मात्र आता बहुतेकांत साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

हिपॅटायटिस ई या विषाणूशी महाराष्ट्राचा जवळचा संबंध आहे. १९५५-५६ मध्ये दूषित पाण्यामुळे दिल्लीत काविळीची मोठी साथ आली होती. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे तपासले गेले. ही कावीळ ए किंवा बी विषाणूची नव्हती, हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ त्यात होते. एरवी आपोआप बरी होणारी हिपॅटायटिस ईची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जीवघेणी ठरू शकते. म्हणून गरोदर स्त्रीचे डोळे पिवळे दिसले, तर कावीळ उतरवणाऱ्याकडे न जाता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.