यंत्रांच्या भाषेतील मालक आणि गुलाम

आजच्या कारखान्यात यंत्रे एकमेकांशी तारेवरून बोलतात. त्या बोलण्याचे नियम माणसांनी घालून दिले आणि नियमांना नावेही माणसांनीच दिली. करारनाम्यातला प्रत्येक शब्द उलटून पाहण्याची सवय जडलेल्या माझ्यासारख्याला ही नावे वाचून स्वस्थ बसवत नाही.

‘ईथरनेट’ हेच नाव घ्या. प्रकाश वाहून नेणारा ईथर नावाचा सर्वव्यापी पदार्थ शास्त्रज्ञ एके काळी मानीत असत. १८८७ सालच्या मायकेल्सन-मोर्ले प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही. तरीही अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ च्या टिपणात ते मेलेले नाव पुन्हा उठवले. त्यांची योजना अशी की, तार सर्वांची. ती मोकळी दिसली की कोणीही बोलावे. दोघे एकदम बोलले तर ती ‘टक्कर’. मग दोघांनीही थांबावे आणि चिठ्ठी टाकल्याप्रमाणे जो वेळ वाट्यास येईल, तो गेल्यावर पुन्हा बोलावे. अध्यक्ष नसलेली सभाच ही! कचेरीत ती चालली. कारखान्याला मात्र निरोप अमुक क्षणी पोहोचेलच अशी हमी हवी होती.

कारखान्यातली रीत निराळी होती. १९७९ साली मोडिकॉन कंपनीने ‘मोडबस’ काढला. त्यात एक यंत्र ‘मास्टर’ आणि बाकीची ‘स्लेव्ह’, म्हणजे गुलाम. गुलामांना १ ते २४७ यांपैकी क्रमांक. मास्टरने क्रमांक पुकारावा आणि त्याने विचारले तेवढेच सांगावे. भट्टी फुटायला आली तरी विचारल्यावाचून ब्र काढावयाचा नाही.

ही जोडी मोडिकॉनने शोधली नव्हती. १९०४ साली केपटाऊनच्या वेधशाळेतील डेव्हिड गिल यांनी दोन जोडलेल्या घड्याळांपैकी एकास गुलाम म्हटल्याचे आढळते. त्या वसाहतीत खऱ्या गुलामगिरीवर १८३४ साली बंदी आली, त्याला तेव्हा सत्तर वर्षे झाली होती.

पुढे स्विच आले, प्रत्येक यंत्रास दोन्ही दिशांनी बोलण्याची स्वतंत्र वाट मिळाली, टकरी संपल्या आणि ईथरनेट कारखान्यात शिरले. २००३ साली लॉस एंजेलिस परगण्यात कोणा कर्मचाऱ्याने यंत्रावरील या शब्दांविरुद्ध तक्रार केली, तेव्हा परगण्याने पुरवठादारांना ते टाळण्यास सांगितले. पुष्कळांनी थट्टा केली. मला ती तक्रार रास्तच वाटते. रोज ज्या यंत्रासमोर उभे राहावयाचे, त्यावर काय लिहिले आहे हे ज्याचे त्याला लागते. अखेर जुलै २०२० मध्ये मोडबसच्या संघटनेने ते शब्द रीतसर सोडले. आता विचारणारा ‘क्लायंट’ आणि उत्तर देणारा ‘सर्व्हर’. थोडक्यात, मालकाचे गिऱ्हाईक झाले आणि गुलामाचा सेवक झाला. आधी कोणी बोलावे, हा नियम तसाच आहे.

‘ईथरनेट-आयपी’ या दुसऱ्या पद्धतीत शब्द आहेत ‘उत्पादक’ आणि ‘उपभोक्ता’. येथे उत्पादक यंत्र दर वेळी पुकारा होण्याची वाट पाहत नाही. ठरल्या अंतराने माहिती पाठवीत राहते. ते अंतर काही हजारांश सेकंदांचेही असते आणि ते मागतो जोडणी सुरू करणारा. त्याचे नाव मोठे सोज्वळ आहे: ‘विनंती केलेले अंतर’. अशी काही अंतरे माहितीवाचून गेली की जोडणी तुटली असे धरतात.