४१२ मीटरचं गणित

आज मी एका आकड्याचा इतिहास सांगणार आहे: ४१२ मीटर.

१९९५ साली फास्ट इथरनेट आलं. वेग सेकंदाला १० कोटी बिट. फायबर टाकली तरी दोन कॉम्प्युटरमधलं अंतर जास्तीत जास्त ४१२ मीटर. गंमत म्हणजे त्याच फायबरमधून सिग्नल २ किलोमीटर सहज जायचा. मग अडलं कुठे?

उत्तर १९७३ मध्ये सापडतं. झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट घडवलं. सगळे कॉम्प्युटर एकाच तारेवर. दोघं एकदम बोलले की टक्कर. मग थांबायचं, पुन्हा पाठवायचं. पण आपला निरोप पाठवून संपायच्या आत टक्कर कळायलाच हवी. नाहीतर निरोप पोचला असं समजून आपण मोकळे!

सर्वात छोटा निरोप ठरला ५१२ बिटांचा. फास्ट इथरनेटवर तो ५.१२ मायक्रोसेकंदांत संपतो. काचेतून जाताना प्रकाशाला मीटरमागे साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, जाऊन-येऊन १०. करा भागाकार: ५१२ मीटर. दोन्ही टोकांच्या यंत्रांत जाणारा वेळ म्हणजे १०० मीटर वजा. उरले ४१२!

म्हणजे अडवणूक काचेची नव्हती, घड्याळाची होती. पाठवायला एक फायबर आणि घ्यायला दुसरी, अशी फुल डुप्लेक्स पद्धत आली आणि टक्करच संपली. तीच केबल, पण अंतर थेट २ किलोमीटर.

आता हिशोब उरला उजेडाचा. १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी सांगितलं, किलोमीटरला २० डेसिबलपेक्षा कमी घट झाली तर काच संदेशवहनाला चालेल. २० डेसिबल म्हणजे १०० भागांतला १ भाग उजेड शिल्लक! १९७० मध्ये कॉर्निंगने १७ गाठले. आजच्या सिंगल-मोड फायबरमध्ये ही घट ०.४ च्या आसपास असते. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं.

हिशोब किराणा-खर्चासारखाच. समजा, हातात १० डेसिबल आहेत. कनेक्टरांना १, अडीअडचणीला ३ बाजूला. उरलेल्या ६ ला ०.४ ने भागा: १५ किलोमीटर. वेग वाढला की मात्र सिग्नल पसरट होतो, आणि कधीकधी उजेड शिल्लक असूनही अंतर संपतं.

म्हणून कुणी विचारलं, ‘फायबर किती लांब चालते?’ तर मी आधी उलट विचारतो, ‘अडवतंय कोण? वेळ, उजेड की पसरटपणा?’ भेटू पुढच्या भागात!